कोटाच्या आतला बिल्ला

समता कॉलनी, रायपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सुशीलदादास,

लताचा साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त कागदावर, गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

फोनच करणार होते. पण तू कानातलं यंत्र काढून हातात धरतोस आणि मग तिकडून नुसतं "हो हो" करत बसतोस. त्यापेक्षा पत्र बरं. मनसोक्त बोलता येतं आणि मधे कोणी तोडत नाही.

कारण असं की, आमच्या मराठी मंडळाच्या फळ्यावर नागपूरच्या एका समितीचं निवेदन लागलं आहे. लोकसाधना पक्षाच्या स्थापनेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणे. पक्ष कधीच विरघळला, आता त्याचं नावही कोणी घेत नाही, पण त्या काळात ज्यांना पक्षाचं मानचिन्ह मिळालं होतं त्यांच्या घरच्यांचा रायपुरात सत्कार आहे. १९ जानेवारी, रविवार, मंडळाच्या सभागृहात. आणि खाली काय लिहिलंय? 'मानचिन्हांची तपासणी करतील:' आणि पुढे तुझं नाव! मी फळ्यासमोर उभी राहून एवढ्या मोठ्याने हसले की शिपाई बाहेर आला. लहानपणी आमच्या घरी राहून रस्त्यावरच्या काड्यापेट्यांची चित्रं गोळा करणारा माझा आतेभाऊ आता लोकांचे बिल्ले तपासतो!

तर साहेब, आमचाही बिल्ला तपासा. सोबत ज्ञानदाने काढलेला फोटो आहे. (ज्ञानदा म्हणजे माझी नात, ओळखतोस ना? मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून देते.) बाबांचा हा बिल्ला तुला आठवत असेल. रुपयाएवढा, हिरवा मिना, मधे रहाट. बाबा तो कोटाच्या आतल्या बाजूला लावायचे, अस्तरावर, बाहेरून कोणाला दिसणार नाही असा. मी एकदा विचारलं, "बाबा, आत काहून लावता?" तर म्हणाले, "ज्याले दिसाले पाहिजे त्याले दिसते." एवढा निरहंकारी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दादा, तुला म्हणून सांगते. सासरी मला जन्मभर 'रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी' म्हणून ऐकवलं गेलं आणि दर वेळी मी म्हटलं, "माझ्या बाबांना मानचिन्ह मिळालं होतं." मला आता दुसरं काही नको आहे. एकदा माइकवरून 'दत्तोपंत पिंपळापुरे' हे नाव ऐकायचं आहे आणि त्यांच्या वतीने उठून उभं राहायचं आहे. तेवढं शिक्कामोर्तब लवकर पाठव.

मोठ्यांना नमस्कार म्हणावं, तर आता आपल्यात मोठं कोण उरलंय? तूच. म्हणून तुलाच दोन.

तुझी
लता


धरमपेठ, नागपूर
२७ नोव्हेंबर २०२४

चि. लतास अनेक आशीर्वाद.

दोन नमस्कार पोचले. एक ठेवून घेतला, एक परत पाठवत आहे, कारण तपासनिसाने काही स्वीकारलेलं चालत नाही.

फोटो पाहिला. मामाचा तो कोट डोळ्यांसमोर आला. करडा, कोपरावर रफू केलेला. पण बाई, नुसत्या पुढच्या फोटोवर शिक्का मारला तर समिती मला घरी बसवील. काय पाहतात ते तुला सांगतो.

लोकसाधना पक्षाचे बिल्ले दोन तऱ्हेचे. एक साधा पत्र्याचा, सभेत कोणीही घ्यायचा आणि लावायचा. दुसरं हे मानचिन्ह. ते मिळायला दोन अटी होत्या. माणूस सत्याग्रहाच्या आधीपासून पक्षाचा सभासद हवा, आणि पक्षाच्या सत्याग्रहात त्याने निदान एक महिना तुरुंगवास भोगलेला हवा. देणगी दिली, भाषण केलं, पुढाऱ्याला घरी जेवायला घातलं, यातलं काही चालत नसे. पक्षाचे सगळे कागद वाळवीने खाल्ले आहेत, त्यामुळे आता वस्तू पाहायची आणि जुन्या माणसांना विचारायचं, एवढंच हातात आहे.

खऱ्या मानचिन्हाची मोठी खूण मागच्या बाजूला असते. तिथे आटे पाडलेला जाड खिळा असतो आणि त्यावर चपटी गोल फिरकी, तुमच्या कुड्यांना असते तशी, पण मोठी. कोटाच्या काजातून खिळा घालायचा आणि मागून फिरकी आवळायची. तेव्हा मागच्या बाजूचा फोटो पाठव.

आणि गंमत ऐक. तुमच्या रायपूरहून आतापर्यंत सहा बिल्ले आले आहेत, सगळे मराठी घरांतून. साऱ्या विदर्भातून मिळून चार आले! तुमच्याकडे तुरुंगात मोठी पंगत बसली होती की काय?

तुझा
सुशीलदादा


रायपूर
५ डिसेंबर २०२४

ती. सुशीलदादास सा. न.

मागचा फोटो सोबत आहे. मागे सेफ्टी पिन आहे, डाग देऊन बसवलेली. लगेच भुवया उंचावू नकोस. फिरकी पडली असेल, हरवली असेल, बाबांनी गोल बाजारातून पिन बसवून घेतली असेल. माणूस चष्म्याची काडी बदलतो म्हणून चष्मा खोटा होतो का?

त्या सहांतला एक बिल्ला बाबारावांचा आहे हे मला ठाऊक आहे. बाबाराव म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले, सकाळी बागेत सगळ्यांना बीपीवर सल्ला देतात ते. हल्ली सांगत सुटले आहेत, "आमचे वडील जेलात गेले होते." अरे, त्यांचे वडील कापडाच्या दुकानातली गादी सोडून लघवीलासुद्धा लवकर उठत नसत! त्यांचा बिल्ला खोटा निघाला तर मला पहिल्यांदा कळव. बाबांच्या बिल्ल्याला काही लागायला नको म्हणून सांगते, माझा त्यात काही हेवा नाही. थोडा आहे.

बाकी ठीक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची तयारी आतापासून काढली आहे, एकटीने होत नाही. आईच्या पितळी करंड्याच्या झाकणाची मूठ पुन्हा सैल झाली आहे. इतक्या वर्षांच्या कुंकवाने तिचा नुसता लाल गोळा झालाय. ज्ञानदा म्हणते, "आजी, नया ले लो ना." मी म्हटलं, तुला नवरा नवा मिळेल, मला करंडा हाच पाहिजे.

शिक्क्याची वाट पाहते.

लता


नागपूर
१४ डिसेंबर २०२४

चि. लतास आशीर्वाद.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहितो.

मामाचा बिल्ला मानचिन्ह नाही. पिन मागाहून बसवलेली नाही, मूळचीच आहे. खिळ्याची खूण असती तर मागचा पत्रा तिथे जाड असता. रहाटाच्या आऱ्याही जरा वाकड्या आहेत. आणि रायपूरचे ते सहाही बिल्ले असेच आहेत, हुबेहूब, एकाच हातचे. बाबारावांचासुद्धा, हे तुझ्या समाधानासाठी. मला वाटतं, त्या काळी तुमच्या गोल बाजारात कोणीतरी कारागीर नकली मानचिन्हं बनवून भोळ्या लोकांना देत असावा. मी सातही नोंदींपुढे 'बनावट' असं लिहिलं आहे.

वस्तू सोड, अटी बघ. मामा रेल्वेत. सरकारी नोकराला पक्षाचं सभासदच होता येत नव्हतं. तुरुंगात गेले असते तर नोकरी दुसऱ्या दिवशी गेली असती. आणि रायपुरात पक्षाचा सत्याग्रह एकच झाला, छप्पनच्या हिवाळ्यातला, पुरानी बस्तीतल्या नळांसाठी. त्या हिवाळ्यात मी शाळेसाठी तुमच्याकडे होतो. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. मामी अमरावतीला माहेरी गेली होती, चांगली दीड-दोन महिने. मामा रोज ऑफिसातून येऊन आपल्याला भाकरी करून घालायचे. एका बाजूला कच्ची, दुसऱ्या बाजूला कोळसा. त्या भाकरीची मी शपथ घेऊ शकतो. तेव्हा मामा तुरुंगात नव्हते, चुलीपुढे होते.

लता, मामा मला वडिलांच्या जागी होते. मला हे लिहिताना बरं वाटत नाही. पण नात्याकडे बघून शिक्का मारला तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण पत्र पाठव.

सुशीलदादा


(पोस्टकार्ड)

रायपूर, २८ डिसेंबर

श्री. तपासनीस यांस,

आपलं पत्र पोचलं. आपण नियमाप्रमाणे केलंत.

एकच विचारते. जो माणूस चुकून आलेली जादा चवलीसुद्धा वाण्याला परत द्यायला जायचा, तो दुसऱ्याच्या मानाचा खोटा बिल्ला जन्मभर छातीशी लावून का फिरला? बाबा खोटे होते का? याचं उत्तर तुमच्या नियमात असेल तर कळवावं. माझी झोप उडाली आहे.

ल. पिंपळापुरे
(मुद्दाम माहेरचं नाव लिहिलं आहे.)


रायपूर
८ जानेवारी २०२५

दादा,

मायना, नमस्कार, सगळं नंतर. आधी बस. यंत्र कानात नसलं तरी चालेल, पण बस.

काल मी पुरानी बस्तीत शांताबाईंकडे हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेले होते. शांताबाई म्हणजे आपल्या त्या भाड्याच्या घराला लागून राहायच्या त्या. तेव्हा नवीन लग्न होऊन आल्या होत्या, आता नव्वदी पार आहे. दात एकही नाही, पण फुटाणे कुटून खातात. ई-रिक्षाने गेले, दूधाधारी मठापासून पुढे गल्लीत चालत. मन काही थाऱ्यावर नव्हतं. पाहते तर काय, त्यांच्या लुगड्याला खांद्यापाशी तोच बिल्ला! हिरवा मिना, रहाट, मागे पिन. पदर त्यानेच टाचला होता.

मी म्हटलं, "मावशी, हा बनावट आहे. नागपूरहून पत्र आलंय."

त्या एवढ्या चिडल्या! "बनावट कायचा वो? वाण होय थे! तुह्या मायनं देल्लं, संक्रांतीले."

"आईने? वाण?"

"हव. आमी समद्या बाया नळासाठी मोर्च्यात गेलतो ना. आमाले पोलिसानं धरलं अन सांजच्याले सोडून देल्लं. तुही माय मात्र माफी लिहून देत नव्हती. मंग तिले ठेवून घेतलं जेलात, दीड महिना. तिचं तं पक्षात नाव बी होतं पयलेपासून."

दादा, मी त्यांना मधेच तोडलं. म्हटलं, "आई तर माहेरी गेली होती."

शांताबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. "असं समद्या पाऱ्यानं, आख्ख्या मोहल्ल्यानं ठरवलं होतं, बाई. तुहा बाप रेल्वेत. बायको जेलात हाय म्हनून साहेबाले समजलं असतं तं नोकरी गेली असती. म्हनून तुह्या मायनं, मीराबाईनं, जेलात माहेरचं नाव सांगतलं, अन आमी तुमा लेकरायले सांगतलं का माय माहेरी गेली. झूट नाही वो, माहेरच्या नावानंच तं बसली होती तिथं."

पुढचं सगळं त्यांनी मला सुपारी कातरता कातरता सांगितलं. पुढच्या वर्षी पक्षाचा माणूस येऊन आईला मानचिन्ह देऊन गेला. आईने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "याले तं कोट पाहिजे. लुगड्याले काज असते का?" पक्षातल्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की हे एखाद्या बाईला द्यावं लागेल! आणि दुसरं म्हणजे तिला एकटीला ते नको होतं. म्हणाली, मोर्चात सगळ्या होत्या, मग मान मला एकटीलाच काहून? तेव्हा तिने गोल बाजारातल्या तांबटाकडून तसेच बिल्ले करून घेतले, पण मागे पिन लावून, लुगड्याला टाचता येतील असे. आणि त्या संक्रांतीला मोर्चातल्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू लावून पदरात ते वाण घातलं. तुझा तो गोल बाजारातला भोळ्यांना फसवणारा कारागीर म्हणजे माझी आई होती, दादा!

म्हणजे बाबारावांच्या वडिलांचा बिल्ला बाबारावांच्या आईचा आहे. आणि बाकीच्या पाच घरांतही तेच. आया गेल्या, डब्यात बिल्ले सापडले, आणि पोरांना वाटलं, बिल्ला आहे म्हणजे बाबांचाच असणार. मी तरी काय वेगळं केलं?

मग मी भीत भीत विचारलं, "आणि बाबांकडे कसा आला?"

शांताबाईंनी अडकित्ता बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आमी समद्या बसलेलो होतो. वाण वाटून झालं. तं मीराबाईनं आवाज देल्ला, 'अहो, बाहेर या.' तुहा बाप आत चहा करून राहिला होता आमच्यासाठी. आला हात पुसत. ती म्हने, 'मी आत होती तवा घर कोनं पाह्यलं? पोट्ट्यायले कोनं जेवू घातलं? मंग तुमी बी मोर्च्यातलेच.' आमी हसू हसू लोटपोट. तुहा बाप लाजला असा! पदर तं नव्हता. मंग त्यानं धोतराचा सोगा पसरला दोन्ही हातानं. अन मीराबाईनं त्याच्यात वाण घातलं."

दादा, मी तिथेच रडले. भोकाड पसरून. शांताबाईंची सून पाणी घेऊन धावत आली. 'ज्याले दिसाले पाहिजे त्याले दिसते.' ते आईबद्दल होतं रे. सकाळी कोट ती हातात धरायची, तिला अस्तर दिसायचं. बाबा खोटे नव्हते. माझे बाबा खोटे नव्हते.

निघताना विचारलं, "मग खरा बिल्ला कुठे गेला?"

"मले काय मालूम? फिरकीवाला होता. करंड्याची मूठ तुटली होती म्हने, त्याच्यावर कसून टाकला असंल. तुही माय काही फेकत नव्हती."

घरी कशी आले, कळलं नाही. करंड्याचं झाकण उलटं केलं, तर आतून चपटी गोल फिरकी! किती वर्षं मी ती पाहते आहे, मला ती करंड्याचीच वाटायची. मग मुठीवर चिंच लावली, घासली, पुन्हा लावली. कुंकवाचा थर निघता निघता आधी एक आरी दिसली, मग रहाट, मग हिरवा मिना. ज्ञानदा बाजूला उभी होती. म्हणाली, "आजी, ये तो परनानी का निकला!" आणि मग प्रथमच, कोणी न सांगता, मराठीत म्हणाली, "मला हात लावू दे."

दर संक्रांतीला मी ही मूठ धरून झाकण उघडते. एवढ्या वर्षांत मी आईला एकदाही विचारलं नाही की तू त्या हिवाळ्यात माहेरी काय केलंस. आईला आपण विचारतो काय, तर डाळीला मीठ किती घालू.

ज्ञानदाने काढलेले फोटो सोबत आहेत, पत्र स्पीड पोस्टने टाकते आहे. आता सांग, तपासनीसबुवा. काय करायचं?

तुझी
लता


नागपूर
११ जानेवारी २०२५

प्रिय लता,

चिंच लावलीस! जुन्या मिन्याला चिंच! माझ्या छातीत कळ आली. यापुढे त्याला फक्त कोरडं मऊ फडकं. आणि ज्ञानदाला सांग, फिरकीला फेविक्विक लावलंस तर मी नागपूरहून चालत येईन.

फोटो पाहिले. भिंग लावून पाहिले, मग भिंग बाजूला ठेवून पाहिले, कारण भिंगाला पाणी लागलं होतं. खिळा, आटे, फिरकी, आऱ्या, मिना, सगळं तंतोतंत. मी आजवर पाहिलेल्यांत इतकं जपलेलं मानचिन्ह दुसरं नाही. कुंकवात मुरवून ठेवलेलं, हवा लागणार कशी? सभासद आधीपासून, तुरुंगवास दीड महिना, साक्षीदार हयात. दोन्ही अटी पुऱ्या. समितीला कळवलं आहे आणि त्यांनी मान्य केलं आहे.

आता माझं. मी स्वतःला मोठा जाणकार समजतो. आणि चौदा डिसेंबरला मी स्वतःच्या हाताने तुला काय लिहिलं? सत्याग्रह त्या हिवाळ्यात, मामी त्याच हिवाळ्यात दीड-दोन महिने घरात नाही, मामा चुलीपुढे. सगळा पुरावा माझ्याच पत्रात होता, आणि त्यावरून मी निष्कर्ष काय काढला? की मामा तुरुंगात नव्हते! मामी कुठे होती, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. बाई घरात नाही म्हणजे माहेरीच असणार. ही विद्या वाळवीला घाल.

मामी परत आली तो दिवस मला आता आठवतो. ती खूप वाळली होती. मी म्हटलं, "मामी, माहेरी जेवायला देत नव्हते का?" ती म्हणाली, "देत होते रे, पण तिथं तुह्या मामाच्या हातची भाकर नव्हती." मला वाटलं, थट्टा करते आहे.

अडचण एकच. सत्काराचा मजकूर 'श्री. दत्तोपंत पिंपळापुरे' असा टंकून ठेवला होता, तो बदलून 'श्रीमती मीराबाई' करायला सांगितलं आहे. नीट बदलतात की नाही देव जाणे. आणि तुला चालेल ना? तुला मामांचं नाव ऐकायचं होतं.

त्या सात नोंदींचं मी काय केलं ते सांगतो. मानचिन्ह म्हणून त्या बसत नाहीत, नियम नियम आहे. पण 'बनावट' हा शब्द मी सातही ठिकाणी खोडला आणि त्यापुढे लिहिलं, 'वाण. अस्सल.' समितीचे अध्यक्ष विचारत होते, हा कोणता प्रकार? मी म्हटलं, घरी बायकोला विचारा.

१९ ला यायचं फार मनात होतं, पण डॉक्टरांनी खोकल्यामुळे प्रवास बंद केला आहे. सगळं सविस्तर लिही. बाबारावांचं तर अजिबात गाळू नकोस.

तुझा
सुशीलदादा


रायपूर
२४ जानेवारी २०२५

ती. सुशीलदादास सा. न.

खोकल्याला ज्येष्ठमध चघळ. आता ऐक.

बिल्ला मी करंड्यावरून काढलाच नाही. आईने बसवला तो मी कोण काढणार? आख्खा करंडाच कुंकवासकट घेऊन गेले. शांताबाईंना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी बिल्ला लावला होता. त्या सहाही घरांना मी आधी एकेक करून भेटून आले होते. बाबारावांकडे सगळ्यात शेवटी गेले, कारण मला तो आनंद पुरवून खायचा होता. पण झालं भलतंच. मी सांगून संपवलं तर त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, "लताताई, माझी आई मोर्च्यात होती? माझी आई?" आणि आत जाऊन आईचा फोटो घेऊन आले आणि पुसत बसले. घरी परत येताना त्यांच्याबद्दलचा माझा सगळा राग वाटेत कुठे पडला कोण जाणे.

तुझी शंका खरी ठरली. निवेदकाने जुनाच कागद उचलला आणि माइकवर म्हणाला, "श्री. दत्तोपंत पिंपळापुरे यांच्या कन्या."

दादा, जे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते ते ऐकलं. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी वर चढले, माइक हातात घेतला आणि म्हटलं, "दत्तोपंतांची मुलगी आहेच. पण जेलात माझी आई गेली होती, मीराबाई. बाबांनी भाकऱ्या केल्या." सभागृह हसलं आणि मग टाळ्या थांबेनात. प्रमुख पाहुण्यांनी मानचिन्ह पाहायला म्हणून झाकण उचललं, तर त्यांची पांढरीशुभ्र बाही कुंकवाने लाल. म्हणाले, "अरे वा, ये तो शगुन हो गया." चांगला माणूस होता.

मग मी म्हटलं, "माझ्या आईने ज्यांच्या आयांना वाण दिलं होतं, त्यांनी उभं राहावं." सगळे उठले. बाबारावांनी बिल्ला बुशकोटाला लावला होता. ते तर माइकपाशीच आले आणि म्हणाले, "मेरी माँ का है." शांताबाईंना उठवत नव्हतं. त्यांनी बसल्या बसल्या हात वर केला आणि ओरडल्या, "अन नळ बी आला होता बरं का!" त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं भाषण तेच झालं.

बाबांचा बिल्ला मी परत त्यांच्या कोटाला लावला आहे. आतल्याच बाजूला. कोट आता माझ्या कपाटात, दारासमोर टांगला आहे. कपाट उघडलं की अस्तर दिसतं.

काल घरी हळदीकुंकू झालं. वाण काय दिलं असेल, ओळख. ज्ञानदाने गोल बाजार पालथा घालून पितळेचं काम करणारा एक कारागीर शोधला आणि तसेच बिल्ले करून आणले. रहाटाच्या आऱ्या याही वेळी वाकड्याच झाल्या आहेत. मुद्दाम सरळ करून घेतल्या नाहीत.

एक या पत्रासोबत पाठवते आहे. तो तुझा. त्या हिवाळ्यात तू शाळेतून आल्यावर मला कडेवर घेऊन बसायचास, शांताबाईंनी सांगितलं. म्हणजे तूही मोर्च्यातलाच.

मागे पिन आहे, फिरकी नाही, तेव्हा भिंग काढू नकोस. आणि नुसता हातात घेऊ नकोस. धोतर तू नेसत नाहीस, पण सदऱ्याचं टोक आहे ना, ते दोन्ही हातांनी नीट पसर. पुरुषांना वाण देत नाहीत म्हणे. आपल्या घरात देतात.

तुझी
लता